तिने नाव घेतलं तेव्हा

माझं नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे. ही बढाई नाही, तक्रार आहे. दुपारी जेवण करून मी आडवा होतो, डोळा लागायला येतो आणि फोन वाजतो. पलीकडे एखादी मुलगी असते. ती माझं संपूर्ण नाव घेते, वडिलांच्या नावासकट, आणि मला कर्ज हवं आहे का ते विचारते. मी नको म्हणतो. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी तेच नाव तितक्याच मायेने घेते. मध्यंतरी एकीने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. गुडघे दुखतात हे मी फक्त डॉक्टरला आणि औषधाच्या दुकानात सांगितलं होतं. ती भोपाळहून बोलत होती.

गावात मात्र मला नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. देवरीच्या एका हायस्कुलात मी जन्मभर मराठी शिकवली, त्यामुळे मी सर. भाजीवाली सर म्हणते, टपरीवाला सर म्हणतो, ज्यांना मी नापास केलं तेही सरच म्हणतात, फक्त जरा वेगळ्या सुरात. नावाने हाक मारणारे आई, वडील आणि मोठा भाऊ असे तिघे होते. ते गेले.

बायकोने तर कधीच नाव घेतलं नाही. लोकांशी बोलताना तीही 'सर' म्हणे. 'सर जेवले.' 'सर झोपून हायेत, मंग या.' माझ्याशी बोलताना 'अवो', नाहीतर 'आयकलं का जी', आणि राग आलेला असला तर नुसतं भांडं आपटणं. तेवढ्यावर आमचा संसार बिनचूक चालला.

खरं तर आमच्या घरात हे असायला नको होतं. माझे वडील छप्पन साली नागपूरला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी देव्हारा रिकामा केला. उपास सोडले, नवस सोडले, अंगात येणाऱ्या आत्याला अंगणातून बाहेर काढलं. सगळं एका दिवसात. पण बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही गोष्ट सोडायची राहून गेली. ती कोणाच्या लक्षातच आली नाही, कारण जी गोष्ट करतच नाहीत ती दिसणार कशी? लग्नात बायकांनी दारात अडवून हिला नाव घ्यायला सांगितलं, तेव्हा हिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. शेवटी माझी आई वैतागली आणि 'या आता आत' म्हणाली.

मी तिला पुष्कळ समजावलं. मी शिकलेला माणूस, त्यात मास्तर. हा जुनाटपणा आहे, आपण माणसं समान आहोत, मी तुझं नाव घेतो तसं तू माझं घ्यायला हवं, वगैरे. ती ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "तुमी माझं नाव घेऊन दिवसभर वरडता, मी कायी म्हनलं का? मंग मी नाई घेत तं तुमी काऊन वरडून रायले?"

अशा घरात कंपनीची मुलगी आली. गोंदियाची होती, पंचविशीची, स्कूटीवरून यायची आणि अर्ध्या मराठीत अर्धी हिंदी घालून भराभर बोलायची. कंपनी कुठली ते तिलाही नीट सांगता येत नव्हतं. एक ऑफिस पुण्यात होतं, त्याच्यावर एक बंगळुरूत आणि त्याच्याही वर एक युरोपात. त्यांना आमची बोली हवी होती. यंत्राला मराठी येते, पण ती पुण्याची. आमच्या शेतकऱ्याने यंत्राला काही विचारलं की यंत्र माफी मागतं. तेव्हा झाडीपट्टीतल्या बाया-माणसांचे आवाज रेकॉर्ड करायचे, ते यंत्राला ऐकवायचे आणि यंत्र शहाणं करायचं, असा बेत होता. ती आधी बिरसीला जाऊन आली होती. तिथे शिकाऊ पायलट दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात, त्यामुळे तिथल्या प्रत्येक वाक्यात विमान आलं होतं. म्हणून तिला देवरीकडे धाडलेलं.

"सर, आवाज तो मिल जायेगा," ती म्हणाली. "पर हे संमतीपत्र आहे न, ते लोकांना समजवायला कोणीतरी पाहिजे."

संमतीपत्र चांगलं जाडजूड होतं. मी ते रात्रीच्या जेवणाआधी हातात घेतलं आणि जेवायला उठलो नाही. एवढ्या आदराने माझ्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. माझी माहिती ही माझी आहे, ती कशासाठी हवी हे मला सांगितलं पाहिजे, मी केव्हाही नाही म्हणू शकतो, मी ती मिटवायला लावू शकतो. साठी उलटलेल्या माणसाला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं, चालेल का?

मग मला नादच लागला. जगात या विषयावर कोण काय करतंय ते मी मोबाइलवर वाचू लागलो. युरोपातल्या लोकांनी माणसाच्या माहितीचा कायदा केलाच, वर यंत्रांच्या बुद्धीचाही केला. त्यात यंत्रांची धोक्याप्रमाणे वर्गवारी आहे. आपल्याकडे पिवळं, केशरी आणि पांढरं रेशनकार्ड असतं, साधारण तसं. सगळ्यात वाईट यंत्रांना कार्डच नाही, त्यांना सरळ बंदी. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं, म्हणजे एका गावच्या बाजारात चालतं ते दुसऱ्या गावच्या बाजारात चालेलच असं नाही. चीनमध्ये यंत्राने काढलेल्या चित्रावर तसं लिहावं लागतं. आपल्याकडे कायदा झाला होता, त्याचे नियम मागाहून आले आणि नियमांचा अंमल टप्प्याटप्प्याने यायचा होता. वरातीमागून घोडं आलं तरी आलं ना, असं मी म्हणायचो.

हे सगळं मी बायकोला सांगायचो. ती तांदूळ निवडत असायची. एकदा मी युरोपातला दंड किती मोठा असतो ते सांगत होतो, तर ती म्हणाली, "तुमी तिकडंच काऊन नाई जात राह्याले?"

वस्तीतल्या विहारात मी लोकांना संमतीपत्र समजावून सांगितलं. शाळा सुटल्यापासून एवढे श्रोते मला मिळाले नव्हते, आणि हे तर आपणहून आलेले. मी कलम वाचलं की संमती केव्हाही मागे घेता येईल.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हंजे आवाज वापस भेटन का जी?"

मी म्हटलं, आवाज तुमच्याकडेच राहतो, त्याची नक्कल तिकडे जाते.

"आमच्यापाशीच राह्यते तं वापस कायले मांगाचा?"

मी पुढचं कलम वाचलं. माहिती मिटवून घेण्याचा अधिकार. मागून एक बाई म्हणाली, "रासनच्या यादीतून आमचं नाव न मांगता मिटलं सर. तो कोनता अधिकार होय?" लोक हसले. मी त्याच्याही पुढचं कलम वाचलं.

ते वारसाचं होतं. माणूस मेल्यावर त्याचे हे अधिकार कोणी वापरायचे, त्याचं नाव लिहायचं. हे मात्र कोणाला समजवावं लागलं नाही. बँकेत सगळ्यांनी लिहिलेलं असतं. तिथे लिहिलं तसंच सगळ्यांनी इथेही लिहिलं. माझ्या बायकोने आमच्या मुलीचं लिहिलं. मुलगी एकच, रायपूरला दिलेली. मी विचारलं, माझं का नाही?

"तुमी माझ्यापेक्षा मोठे. तुमी पयले जासान," ती म्हणाली.

हिशोब बरोबर होता. आमच्या वस्तीत पुरुष आधी जातात, बायका मागे राहून सगळं आवरतात. मी सही कुठे करायची ते तिला दाखवलं.

रेकॉर्डिंग रविवारी शाळेच्या एका वर्गात ठेवलं. आत ती मुलगी आणि बोलणारी बाई, दुसरं कोणी नको, असा नियम होता. आम्ही नवरे व्हरांड्यात बसलो. माझ्या शेजारी आमचाच शेजारी होता, निवृत्त एसटी कंडक्टर, त्याच्या बायकोचा नंबर माझ्या बायकोनंतर होता. वर्गाचं दार नीट लागत नव्हतं. देवरीत कुठल्याच शाळेचं दार नीट लागत नाही.

नंतर त्या मुलीने मला तिची अडचण सांगितली. पहिला प्रश्न अगदी साधा होता. आवाज नीट येतो की नाही ते बघायला आपलं पूर्ण नाव सांगायचं. पुरुष सांगून मोकळे व्हायचे. बायका स्वतःचं नाव सांगायच्या आणि थांबायच्या, कारण पुढे नवऱ्याचं नाव येतं. ती म्हणायची, "काकू, पूरा नाम." मग काकू जरा लाजायची, पदर सारखा करायची आणि उखाणा घ्यायची. नाव घ्यायची वेळ आलीच तर ते उखाण्यातच घ्यायचं, एवढं आमच्याकडे लहान पोरीलाही कळतं. सगळ्यांनी उखाणे घेतले. वरच्या ऑफिसातून विचारणा आली की या भागातल्या स्त्रियांची नावं यमकात का असतात?

"मग माझ्या घरच्यांनी काय केलं?" मी विचारलं.

"काकूंनी पण घेतला ना. एकदम मस्त घेतला." आणि ती स्कूटीवर बसून गेली.

त्या दिवशी मी घरी आलो तो सरळ स्वयंपाकघरात. मी म्हटलं, तू माझं नाव घेतलंस म्हणे.

"घेतलं."

"कसं घेतलं?"

"तोंडानं."

"मग आता घे की. कंपनीसाठी घेतलंस, माझ्यासाठी घे."

तिने भाकरी उलटली. "कायले? तुमाले माहीत नाई का तुमचं नाव?"

मी बाहेर येऊन बसलो. मला खोटं सांगता येत नाही, मला वाईट वाटलं. इतकी वर्षं जे मी मागत होतो, ते तिने युरोपातल्या एका यंत्राला पहिल्याच मागणीला देऊन टाकलं होतं. पुढे कधीतरी काढून घेऊ, असा मी विचार केला. चिडवून म्हणा, लाडीगोडी लावून म्हणा. घाई काय होती?

पुढच्या थंडीत ती गेली. आधी ताप, मग दम. गोंदियाला नेलं आणि परत आणलं. याहून जास्त मी लिहिणार नाही. ते आमचं खाजगी आहे.

माणसं यायची बंद झाली तेव्हा घरातला आवाजच गेला हे माझ्या लक्षात आलं. आमच्या मोबाइलमध्ये तिचा आवाज शोधला. नातवाच्या वाढदिवसाचा एक व्हिडिओ निघाला. त्यात ती दिसत नाही, फक्त "बंद कर ना तो मोबाइल" एवढं ऐकू येतं, आणि व्हिडिओ बंद होतो. ती बोलायला लागली की समोरचा तिचं ऐकायचा, त्याचा हा परिणाम. मग मला ते रेकॉर्डिंग आठवलं. जगात कुठेतरी, कोणत्या तरी कपाटात, माझी बायको बोलत होती, आणि माझं नाव घेत होती. मला ते ऐकायचं होतं. एकदा ऐकलं असतं तरी चाललं असतं. इतकं दुसरं काही मला आयुष्यात हवंसं वाटलेलं नाही.

मी त्या मुलीला फोन केला. तिने ती कंपनी सोडली होती. आता ती दुसरीकडे धानाच्या रोगट पानांचे फोटो काढायचं काम करत होती. तेही यंत्रालाच दाखवायला. ऐकून तिने आधी काकूंना काय झालं होतं ते विचारलं. मग म्हणाली, "सर, टेन्शन मत लो. आपला अधिकार आहे ना. तुम्हीच तर सांगितलं होतं सगळ्यांना." आणि तिने कंपनीच्या मदत केंद्राची लिंक पाठवली.

मदत केंद्रात माणूस नव्हता, यंत्र होतं. ते मराठीत लिहायचं, आणि मराठी चांगली होती, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका नव्हत्या. त्याने मला तीन पर्याय दिले. माहिती पाहणे, माहिती दुरुस्त करणे, माहिती मिटवणे. मी 'पाहणे' दाबलं. त्याने ओटीपी धाडला, तो बायकोच्या नंबरावर. तिचं सिम रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद पडलं होतं. मी लिहिलं की ज्यांची ही माहिती आहे त्या हयात नाहीत. यंत्राने लिहिलं, 'हे ऐकून वाईट वाटले. आपण त्यांची माहिती मिटवू इच्छिता का?' मी नाही म्हटलं. त्याने माझ्या संयमाबद्दल आभार मानले आणि पुन्हा तेच तीन पर्याय दिले.

मी वेगवेगळ्या रस्त्यांनी गेलो. कुठूनही गेलं तरी गाडी मिटवण्यापाशीच यायची. आणि मिटवायला ओटीपी लागत नव्हता. नुसतं एक लाल बटण, माझ्या अंगठ्याच्या अगदी खाली. मी जपून ती खिडकी बंद केली, फोन पलंगावर ठेवला आणि लांब जाऊन उभा राहिलो. एक बोट चुकलं असतं तर ती दुसऱ्यांदा गेली असती, आणि यंत्राने त्याबद्दलही माझे आभार मानले असते.

मग मी तक्रार अधिकाऱ्याला ईमेल लिहिला. पत्रलेखन मी शिकवलेलं आहे. मायना, विषय, संदर्भ, सगळं होतं. आठवड्याने उत्तर आलं, माणसाचं असावं, कारण त्यात चुका होत्या. उत्तर असं होतं की मृत व्यक्तीची माहिती फक्त तिने नेमलेल्या वारसाला मिळू शकते. मी तो वारस नाही. मी या प्रकरणात तिसरा पक्ष आहे.

तिसरा पक्ष. मी ते कंडक्टरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सर, बिना टिकट म्हना ना."

मुलीला रायपूरला फोन लावला. तिने अर्ज करायचा ठरलं. अर्जासोबत आईचा मृत्यूचा दाखला, मुलीचं आधार आणि ती तिचीच मुलगी असल्याचा पुरावा मागितला. आधारवर मुलीच्या नावापुढे आता माझं नाव नाही, जावयाचं आहे. तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला हवा. तो शोधून मी बसस्टँडसमोरच्या दुकानात झेरॉक्स काढायला गेलो. तिथे पहिली प्रत काळी आली, दुसरी तिरपी आली. दुकानदाराने दोन्ही बाजूच्या ढिगात टाकल्या. तो ढीग संध्याकाळी शेजारच्या आलुबोंड्याच्या गाडीवर जातो. मला स्वतःला एकदा तिथे मुख्याध्यापकांच्या पॅनकार्डावर दोन आलुबोंडे मिळाले होते, आणि मी चटणी पुसून कार्ड त्यांच्या घरी पोचवलं होतं. मी दुकानदाराला म्हटलं, त्या दोन प्रती मला परत द्या. तो म्हणाला, "खराब है सर, क्या करोगे?" मी म्हटलं, माझा अधिकार आहे. त्याने त्या दिल्या आणि मी वळल्यावर गिऱ्हाईकाकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. काचेत दिसलं मला.

अर्ज गेला. त्यांनी मुलीला फोनवर प्रश्न विचारले. मग एक कागद आणखी मागितला, मग तोच कागद रंगीत मागितला. युरोपातलं ऑफिस सुट्टीवर गेलं, ते परत आलं. मी रोज सकाळी मुलीला विचारायचो आणि ती रोज 'नाही बाबा' म्हणायची. मला राग यायचा, पण कोणावर काढावा ते कळत नव्हतं. ते लोक माझ्या बायकोची माहिती जपत होते. मी जेवढ्या कळकळीने विहारात सांगितलं होतं, अगदी तेवढ्याच कळकळीने. नियम वाकवला असता तर ती माणसं मला बेजबाबदार वाटली असती. नियम वाकत नव्हता आणि मी रोज त्यांना शिव्या घालत होतो.

शेवटी फाइल आली. मुलगी म्हणाली, मी एकटीने ऐकणार नाही, आणि गाडीत बसून ती देवरीला आली. सकाळची वेळ होती. आम्ही अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. तिने फोन मधल्या स्टुलावर ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला.

आधी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग कंपनीची मुलगी म्हणाली, "काकू, आपलं पूर्ण नाव सांगा." मग बायको खाकरली. ते खाकरणं ऐकलं आणि मुलीने तोंडाला पदर लावला. मी सरळ बसलो होतो. बायको म्हणाली,

"धानाच्या बांधीत पानी चोरखमाऱ्याचं,
टूंऽऽ चं नाव घेते, मन राखून साऱ्याचं."

मी म्हटलं, मागे घे. काहीतरी बिघडलं. मुलीने मागे घेतलं. पाणी चोरखमाऱ्याचं, तिच्या माहेरच्या तलावाचं, ते स्वच्छ ऐकू आलं. त्यानंतर पुन्हा टूं. रेल्वे फाटकावर वाजते तशी एक बारीक, सपाट शिट्टी, आणि ती संपली की पुन्हा बायको.

मुलीने सोबत आलेलं पत्र उघडलं. त्यात खाली लिहिलं होतं की संबंधितांच्या गोपनीयतेसाठी रेकॉर्डिंगमधील व्यक्तींची नावं यंत्राकडून ओळखून कायमची काढून टाकली जातात आणि मूळ प्रत ठेवली जात नाही. मी तिथूनच गोंदियाच्या त्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "हो सर, सगळ्यांचंच काढतात. ते तर चांगलंच आहे ना? कोणाला कळायला नको." मी म्हटलं, हो, चांगलंच आहे. त्या यंत्राला आमची बोली येत नव्हती म्हणून तर हा सगळा खटाटोप होता. पण माझं नाव मात्र त्याला पहिल्या झटक्यात ओळखू आलं.

फोन ठेवला. दुपारी कर्जवाली मुलगी तेच नाव पूर्ण घेणारच होती. मुलगी म्हणाली, "बाबा, पुढे आहे अजून. ऐकायचं?"

मला ऐकायचं नव्हतं. मी मान हलवली, ती तिला होकार वाटली.

कंपनीची मुलगी म्हणत होती, "काकू, थोडं मोठ्याने घ्या ना. आवाज कमी आला."

"याहून मोठ्यानं नाई घेत बाई," बायको म्हणाली. "बाहेर बसून हायेत न ते. आयकतीन."

"मग ऐकू द्या की काकू."

मग ती हसली. लग्न झाल्यावर पहिल्या काही वर्षांत ती तशी हसायची, नाकातून, ओठ मिटून. मी ते हसणं विसरलो होतो.

"बरं," ती म्हणाली, "आयकू दे त्यायले."

आणि तिने पूर्ण उखाणा पुन्हा घेतला. मोठ्याने, सावकाश, दाराकडे तोंड करून, कारण आवाज जरा लांबून येत होता. चोरखमाऱ्याचं पाणी आलं. मग टूं आलं. ते काही मोठं झालेलं नव्हतं, पहिल्याएवढंच होतं.

मुलीने फोन उचलून कानाशी धरला. "बाबा, मागे कोणीतरी बोलतंय," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघू लागली. मी फोन तिच्या हातून घेतला.

उखाण्याच्या मागे, दाराबाहेर, एक माणूस बोलत होता. खणखणीत आवाजात, मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. युरोपात माणसाच्या नावाला केवढं जपतात, ते तो कंडक्टरला समजावून देत होता. त्याचा एक शब्दही यंत्राने काढलेला नव्हता. बायको नाव घेऊन थांबली, वाट बघत असावी, तरी त्याचं चालूच होतं.

तो माणूस क्षणभर गप्प बसला असता, तर कोणालाही अर्ज करायची गरज पडली नसती.